"हाव म्हनू नोको, काय दिसते थे सांग": विज्ञानकथेतले उस्ताद आणि चेले

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईनं प्रश्न विचारला आहे. पहिलीच विज्ञानकथा लिहून राहिल्या त्या. मंगळावर एक स्टेशन, तिथे जमिनीखालचा बर्फ काढायला बोर मारणं सुरू आहे, साठीतले एक आबा ड्रिलिंगचे उस्ताद आणि त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षांची मीरा, शिकाऊ. यंत्रं, यान, धूळ सगळं जमलं पण वाचणारे म्हणतात आबा आणि मीराचं नातं खोटं वाटतं. तर विश्वास कसा दाखवायचा, दोघांचं बोलणं कसं लिहायचं, हा प्रश्न. कथा सोबत पाठवली होती, मी दोनदा वाचली.

मी वरूडच्या बाजूला एकतीस वर्षं झाली मोटर वायंडिंग आणि बोरच्या पंपाचं काम करतो, आणि रात्री विज्ञानकथा लिहितो, दहा-बारा दिवाळी अंकांत छापून आल्या. दोन्ही कामं माझ्यासाठी सारखीच जीवाभावाची आहेत म्हणून थोडं लांब लिहीन, सांभाळून घ्या.

ताई, आधी सरळ सांगतो. तुमचे आबा मीराला तीन वेळा म्हणतात की "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." ती तिन्ही वाक्यं काढून टाका. मी स्वतः दोन उस्तादांच्या हाताखाली शिकलो, माझ्या हाताखालून अकरा पोट्टे शिकून गेले, हे वाक्य कोणी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. विश्वास आहे की नाही हे कळते कुठे, तर चेल्याच्या हाती वाईट बातमी असते आणि ती उस्तादाला सांगायची असते तिथे. तो सांगतो की गिळतो, आणि सांगितली तर उस्ताद काम थांबवतो की "गप, तू आपलं कर" म्हणतो. तुमच्या सव्वीस पानांत शेवटचा धोक्याचा प्रसंग सोडला तर मीरावर आबाला वाईट बातमी द्यायची वेळ एकदाही येत नाही. बाकी सगळ्या अडचणी आबालाच आधी दिसतात, मग मीरा शिकणार काय आणि आबा तिच्यावर भरवसा टाकणार कशाच्या जोरावर.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. १९९४ चा एप्रिल, आंबिया बहाराची संत्री झाडावर बोराएवढी, पाण्याची मारामार, आणि आम्ही सातशे फुटाच्या बोरमध्ये सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, सोडून राहिलो होतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, बोरच्या तोंडावर लोखंडी तिपाई उभी करतात, तिला चेनपुली, सगळ्यात खाली मोटर, आणि वीस-वीस फुटाचे लोखंडी पाइप सॉकेटनं एकाला एक जोडत खाली सोडत जायचे, एक क्लॅम्प पक्का बसला की मगच दुसरा काढायचा. पाइप उचलून देणं, आट्यांना ब्रश मारून सुतळी गुंडाळणं आणि सफेदा, म्हणजे जोड पक्का करायचा पांढरा लेप, लावणं हे माझं काम. चौदाव्या पाइपाचे आटे झिजलेले होते. दिसले नाही असं नाही, मी बोट फिरवलं तेव्हा बोटाला लागले. पण सकाळीच माझ्या हातून क्लॅम्पचा नट पडला म्हणून उस्तादानं शेतमालकासमोर मला झाडलं होतं, ते डोक्यात बसलं होतं, आता तोंड उघडलं की परत तेच, म्हणून मी सुतळी दोन वेढे जास्त दिली, सफेदा थापला आणि पाइप पुढे केला. सतरावा जोडून राहिलो होतो तेव्हा खालून खट्ट आवाज आला आणि ताणलेली चेन एकदम हलकी झाली, केबल आमच्या पायाजवळून सापासारखी सरसर बोरमध्ये गेली. मोटर आणि तेरा पाइप खाली. दोन दिवस गळ टाकून पाहिला, काही आलं नाही, तो बोर त्या शेतकऱ्याचा कायमचा गेला.

उस्ताद शेतमालकाला म्हणाला, "माह्या हातून झालं." माझं नाव त्यानं घेतलं नाही. संध्याकाळी सायकलवर परत येताना एवढंच विचारलं, "चवदाव्याचे आटे पाह्यले होते का तू?" मी म्हटलं हाव, म्हणजे हो. तो पुढे काही बोलला नाही, रस्ताभर नाही. पुढच्या कामावर मात्र प्रत्येक पाइपाला विचारायला लागला, "पाह्यलं?" मी म्हटलं, "हाव." तर हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "हाव म्हनू नोको, काय दिसते थे सांग." मग मला सांगावं लागे, आटे पुरे हायेत, सॉकेट नवं हाय, एका बाजूनं थोडा गंज हाय. हे ऐकल्याशिवाय पाइप खाली जात नसे. सातशे फुटाच्या बोरला पस्तीस पाइप लागतात, पस्तीस वेळा हेच. तासभर काम लांबे, शेतमालक कुरकुर करत, तरी त्यानं हात चालत होता तोवर ही पद्धत सोडली नाही.

आता ताई, पहा की त्यानं मला कधी म्हटलं नाही की माझा तुझ्यावर विश्वास आहे किंवा नाही. त्यानं प्रश्न विचारायची रीत बदलली. "हाव" या शब्दात भीती लपून जाते, "एका बाजूनं गंज हाय" यात लपत नाही. तुमच्या कथेत आबा सतत विचारतात "समजलं ना?" आणि मीरा म्हणते "हो आबा." हे सहा ठिकाणी आहे, मी पेन्सिलनं खुणा केल्या. त्यातल्या एका ठिकाणी जरी आबानं विचारलं की "काय समजलं ते सांग" आणि मीरानं उलटं सांगितलं, तर तिथे कथा जिवंत होईल.

आता मोठं उदाहरण, कारण विज्ञानकथा लिहिणाऱ्यानं हे प्रकरण बारकाईनं वाचलंच पाहिजे असं माझं मत आहे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचं विमानतळ, धावपट्टीवर दाट धुकं, आणि दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. विमान उडवण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात. डच विमानाचा कॅप्टन त्या कंपनीतला बडा प्रशिक्षक होता, आणि शेजारी बसलेल्या को-पायलटला जंबो चालवायला पास करणारा परीक्षक हाच. म्हणजे अगदी उस्ताद आणि चेला. कॅप्टननं इंजिनाचा जोर वाढवला तेव्हा चेल्यानं एकदा टोकलं की थांबा, आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाला ते मला माहीत आहे, विचार त्यांना. थोड्या वेळानं कॅप्टन परत निघाला तेव्हा मात्र चेला थांबा म्हणाला नाही. एकदा टोकून झालं होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरला रेडिओवरून शंका आली, त्यानं विचारलं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही काय? कॅप्टन ठासून म्हणाला, झालं. आणि विमान धावतच राहिलं.

मला यातली सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अशी की त्या इंजिनियरनं प्रश्न विचारला, "थांबवा" म्हटलं नाही. मोठ्या माणसासमोर आपण सगळे असंच करतो, जे माहीत असते ते प्रश्न करून विचारतो म्हणजे त्यांचा मान राहील. माझ्या शेजारच्या घरात पोरगं आजोबाला सांगून राहिलं होतं, "आबा, बैल सुटला असंन काय?" बैल समोर तूर खाऊन राहिला होता! टेनेरीफनंतर विमानाच्या दुनियेत शिकवण्याची पद्धतच बदलली, १९७९ मध्ये नासानं यावर मोठी कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे पायलटांना हे वेगळं शिकवायला लागले की खालच्यानं स्पष्ट कसं बोलायचं आणि वरच्यानं ऐकून थांबायचं कसं. आणखी एक झालं, उड्डाणासाठीचा टेकऑफ हा शब्द आता टॉवरवरून फक्त खरी परवानगी देताना, नाहीतर ती परत घेतानाच वापरतात, बाकी वेळी दुसरे शब्द.

हे मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझ्या उस्तादाचा हाच नियम होता आणि तो चौथी शिकलेला माणूस. आम्ही बोरपाशी, स्टार्टरची पेटी बगिच्याच्या दुसऱ्या टोकाला, मधे तीनशे झाडं, मोबाइल नव्हते. पेटीपाशी मी, आणि इकडे केबल त्याच्या उघड्या हातात. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चालू हा शब्द फक्त चालू कराचं असंन तवाच. चालू नोको करू, असं जन्मात ओरडाचं नाई. बंद म्हनाचं." वारा असला की "चालू नोको करू" मधलं "नोको" झाडातच राहते आणि माझ्या कानी "चालू करू" येते. त्याचा जीव त्या एका शब्दावर. तर तुमच्या मंगळावर आबा आणि मीराचे असे ठरलेले शब्द पाहिजेत, दोघांनीच ठरवलेले, आणि एखादा शब्द ठरण्यामागे एखादी जुनी जखम पाहिजे. बाहेरच्या माणसाला ते शब्द समजणार नाहीत आणि तिथेच वाचणाऱ्याला कळेल की हे दोघं किती दिवसांपासून सोबत आहेत.

मंगळावर ओरडणं तसंही जमणार नाही. हवेचा दाब आपल्या इथल्या शंभराव्या भागाएवढाही नाही, आवाज लगेच विरतो, आणि स्पेससूटमधून जे काही ऐकू येईल ते रेडिओवरून. तुम्ही एका ठिकाणी आबाला लांबून हाक मारायला लावली आहे, ती बदला. पण याचा फायदाही घ्या. बोर मारणारा माणूस निम्मं काम हातानं ऐकतो, पाइपावर तळहात ठेवून. आपल्या इकडचा काळा पत्थर आणि मंगळावरचा बराचसा दगड एकाच जातीचा, बेसाल्ट. आपलं लोणारचं विवरही याच काळ्या पत्थरात उल्का पडून झालेलं, म्हणूनच मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. पुसद-दिग्रसकडच्या मीराला काळ्या पत्थरात बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, कसं थरथरते ते लहानपणापासून माहीत असू शकते, दोन थरांच्या मधे लाल मातीसारखा पट्टा लागला की बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बदलतो हेही तिनं गावच्या बोरवर पाहिलेलं असू शकते. आबा समजा कुठल्या वाळूच्या किंवा चुनखडीच्या मुलखातले. मग एक गोष्ट अशी तयार होते जी चेल्याला जास्त कळते. मीराचा हात पाइपावर आहे, थरथर बदलली, आबा मीटरकडे पाहून राहिले आणि मीटर ठीक दाखवून राहिलं. आता ती बोलणार की नाही?

आता उशिराचं बोलणं. पृथ्वीवरून मंगळावर निरोप जायला कमीत कमी तीन मिनिटं आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटं लागतात, दोन ग्रह किती लांब आहेत त्यावर. चंद्राला सव्वा सेकंदाच्या वर थोडं. तुम्ही मधल्या भागात आबाला उपचारासाठी पृथ्वीवर पाठवलं आणि तिथून ते मीराशी फोनवर बोलावं तसं बोलतात, ते चुकलं, पण चूक दुरुस्त केली तर तुमच्या कथेतलं सगळ्यात मोठं सोनं तिथेच आहे. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी नावाची गाडी मंगळावर उतरली तेव्हा निरोपाला जवळजवळ चौदा मिनिटं लागत होती आणि उतरायलाच सात मिनिटं. म्हणजे आता वातावरणात शिरली असा निरोप जमिनीवरच्या लोकांना मिळाला, तेव्हा ती गाडी केव्हाच खाली पोचलेली होती, साबूत किंवा तुकडे होऊन. ज्यांनी ती वर्षानुवर्षं खपून बनवली ते नुसते बसून होते. आबाला तसं बसवा.

हे मी भोगलं आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात उस्ताद नागपूरला दवाखान्यात भरती होता आणि एक मोठं काम माझ्या एकट्यावर येऊन पडलं, मोटर सोडून झाली होती पण केबलच्या जॉइंटबद्दल माझ्या मनात शंका. गावात फोन नाही. एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवली, अडीच पानं लिहिली, सगळी काळजी, सगळं रडगाणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं उत्तर आलं, माझ्याच चिठ्ठीच्या मागे कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, "मेगर लावलं का थे लिहिलं नाही. लावल्याबिगर लाईन देऊ नोको. बाकी तुले जे वाटते थे कर." मेगर म्हणजे केबलमधून करंट कुठे झिरपते का ते पाहायचं यंत्र. अडीच पानांत मी तेच लिहिलं नव्हतं. मी तो कागद अजून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे. त्या दिवसापासून निरोप लिहिताना मी तीन गोष्टी लिहितो, काय दिसलं, मी काय केलं, आणि तुमचं उत्तर आलं नाही तर मी काय करणार. मीराचे निरोप तसे लिहा. आणि आबाचं उत्तर येईपर्यंतची वीस-वीस मिनिटं, जायची वीस आणि यायची वीस, ती मीरानं हातावर हात धरून काढू नये. तिला त्या चाळीस मिनिटांत ठरवावं लागेल, आणि उत्तर येईल तेव्हा ते चाळीस मिनिटं जुन्या परिस्थितीला दिलेलं असेल. आबालाही हे माहीत आहे. त्यामुळे चांगला उस्ताद असेल तर तो हुकूम देणार नाही, अमुक दिसलं तर असं, तमुक दिसलं तर तसं, आणि दोन्ही नसलं तर तुझं तू, असं लिहील.

विश्वासाचं बी आधीच्या चुकीत असते हे सांगायला एक प्रसंग मला फार आवडतो. अपोलो ११ चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी, जुलै १९६९ मध्ये, ह्यूस्टनला सराव सुरू होता, आणि शिकवणाऱ्यांनी मुद्दाम यानाच्या कॉम्प्युटरचा एक अलार्म वाजवला. स्टीव्ह बेल्स नावाच्या पोरानं, वय २६, घाबरून मोहीम रद्द करा म्हणून सांगितलं. तो निर्णय चुकला होता, उतरता आलं असतं. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझनं त्याला काढलं नाही, सांगितलं की सगळ्या अलार्मची यादी करा आणि कशाला थांबायचं कशाला नाही ते लिहा. जॅक गारमन, वय २४, त्यानं हातानं यादी लिहिली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. २० जुलैला खरंच उतरताना १२०२ नंबरचा अलार्म वाजला. आर्मस्ट्राँग विचारून राहिला हे काय आहे. गारमननं यादी पाहून बेल्सला सांगितलं, बेल्सनं क्रांझला, आणि काही सेकंदात वरपर्यंत निरोप गेला की पुढे चला. दोन माणसांचा जीव एका चोवीस वर्षांच्या पोराच्या हस्ताक्षरावर, आणि कोणी उलटून विचारलं नाही की तुझं वय काय. ते विचारायची गरज सरावाच्या दिवशीच संपली होती. तुमच्या कथेत मीराची पहिली चूक दाखवा, मोठी, आणि आबानं त्या चुकीचं काय केलं ते दाखवा. मग शेवटी आबानं तिचं ऐकलं तर वाचणारा ते मानेल.

आपल्या घरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे, १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चं पहिलं रॉकेट समुद्रात पडलं, मोहिमेचे प्रमुख कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. १८ जुलै १९८० ला दुसरं यशस्वी झालं तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केलं. हा प्रसंग भाषणात फार वापरतात म्हणून गुळगुळीत झाला. पण लिहिणाऱ्यानं त्यातली एक दुसरी गोष्ट पाहावी, जी कलामांनीच सांगितली आहे. उड्डाणाच्या आधी कॉम्प्युटरनं थांबा म्हटलं होतं, तज्ज्ञांचं मत चला असं होतं, आणि निर्णय कलामांनी घेतला. म्हणजे धवनांनी ज्याला पाठीशी घातलं त्याचा निर्णय खरंच चुकलेला होता. निर्दोष चेल्याला वाचवणं सोपं आहे. "माह्या हातून झालं" म्हणणारा माझा उस्ताद मला तिथेच आठवतो.

भाषेबद्दल थोडं. आपल्या मराठीत तू आणि तुम्ही आहे, हे वापरा, फुकट मिळालेलं हत्यार आहे. आपल्या इकडे घरच्या आजोबाला पोरं तू म्हणतात आणि मास्तरला तुम्ही. मीरा आबाला आबाही म्हणते आणि तुम्हीही म्हणते, म्हणजे तो घरचा आहे की मास्तर हे तिचंही ठरलेलं नाही, हे छानच आहे, तसंच ठेवा. पण धोक्याच्या क्षणी तुम्ही तिच्या तोंडी दिलं आहे की "आबा, तुमची हरकत नसेल तर मला असं वाटतं की आपण जरा थांबावं." एवढ्या वेळात बिट तुटेल. तिथे फक्त "थांब." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून आबाला एकेरी. मग नंतर दोघांपैकी कोणीच त्याबद्दल बोलू नये.

पुढे स्टेशनचा कॉम्प्युटरच मीराचा उस्ताद करावा काय असंही तुम्ही विचारलं आहे. करा, पण तो "मला माहीत नाही" म्हणणारा पाहिजे, नाहीतर वर सांगितलेलं सगळं रद्द होते. आणि मंगळ जमत नसेल तर विदर्भ सोडायची गरज नाही, २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात आकाशातून रॉकेटची धातूची रिंग येऊन पडली होती, माणसाहून मोठी. ती एखाद्या पोरानं पहिले पाहिली आणि मास्तरला जाऊन सांगितली, अशी कथा अजून कोणी लिहिलेली मला दिसली नाही.

आता तुमचं एकविसावं पान. मीराचा हात पाइपावर आहे, मीटर ठीक आहे, ती "थांब" म्हणते, आबा मोटर बंद करतात. इथपर्यंत लिहा. मग आबा विचारतील, "काय दिसलं?" आणि तिला नीट सांगता येणार नाही, कारण हाताला कळलेलं लगेच शब्दांत येत नाही, ती दोन-तीनदा अडखळेल. आबानं वाट पाहावी, मदत करू नये. नंतर पाइप वर काढल्यावर सॉकेट खरंच तडकलेलं निघतं असं तुम्ही लिहिलं आहे, ती पाच पानं काढून पहा एकदा. आबानं हातमोजा पाइपावर ठेवला आहे आणि त्याला अजून काहीच जाणवलं नाही, तरी मोटर बंदच आहे.